दोन बोटं कमी

शुरूकचं माप मी घेतलं ते रमजानच्या आधीच्या आठवड्यात. कंबर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. आकडा सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण त्यानंतर तीन महिने मी तो कुणालाही खरा सांगितला नाही.

अलेक्झांड्रियातल्या मुहर्रम बे भागात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत मशिनी आणि कापायचं टेबल, मागच्या खोलीत पडदा आणि उंच आरसा. आधी आई इथे शिवायची. मधुमेहानं तिची नजर गेली आणि काम माझ्याकडे आलं. नवरीचे पोशाख शिवण्यात आमचं नाव आहे. शहरात भाड्यानं पोशाख देणारी दुकानं पावलोपावली आहेत. तरी ज्यांना अंगाबरोबर बसणारा हवा असतो, त्या आमच्याकडे येतात.

शुरूक आली ती आईला घेऊन, आणि हातात कागदात गुंडाळलेली भाजकी रताळी. अजून वाफ येत होती.

"अब्ला, आधी खा, मग माप घे. उपाशीपोटी टेप ओढलीस तर मी बारीक भरेन, आणि मग लग्नात बटनं उडतील. पहिल्या रांगेतले पाहुणे जखमी."

थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती मला पहिल्या मिनिटापासून अब्ला म्हणायला लागली. बावीस वर्षांची होती. बालवाडीत शिकवायची, त्यामुळे आवाज असा की मागच्या खोलीत बोलली तर रस्त्यावर ऐकू जाईल. आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःकडे बघून म्हणाली, "तुझा हा आरसा फारच तोंडावर बोलणारा आहे गं. दुसरा एखादा प्रेमळ मिळाला तर बघ." आणि स्वतःच हसली. ते हसणं खोटं नव्हतं. तिला खरंच फारसं वाईट वाटत नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय.

तिला साटीनचा पोशाख हवा होता. लांब बाह्या, कंबरेत चापून बसलेला, पाठीवर मानेपासून कंबरेपर्यंत बारीक गोल बटनं. मी सगळी मापं वहीत लिहिली. तेवढ्यात तिचा होणारा नवरा वाईल याचा कुवेतहून फोन आला आणि ती बोलत बोलत बाहेर रस्त्यावर गेली.

तिची आई, मदाम मेर्वत, मागे थांबली. सडपातळ बाई, कपड्यांची इस्त्री कधी न मोडणारी. तिनं वही स्वतःकडे वळवली, आकडा बघितला आणि परत माझ्याकडे सरकवली.

"रबाब, कंबर दोन बोटं कमी शिव."

"मदाम, घट्ट होईल. बटनं लागणार नाहीत."

"तेच तर हवंय मला. मी सांगून थकले. पाव कमी खा, भात कमी खा. ती हसते आणि माझ्या गालाचा पापा घेते. पोशाखाचा पापा घेऊन भागणार नाही तिचं."

"तिला कळलं तर?"

"कोण सांगणार आहे? मी? का तू?"

तिनं आवाज खाली आणला. "परवा वाईलच्या आईकडे जेवायला गेलो होतो. वाढता वाढता म्हणाली, 'माशाल्ला, शुरूक आली की आमचं घर कसं भरून जाईल.' सगळे हसले. माझी ही वेडी पण हसली. त्या घरात माझी मुलगी जाणार आहे, रबाब. रोज ऐकायचंय तिला ते."

त्या वाक्यानं मी फसले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. त्याला कारणही होतं. एकविसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. मुलाची आई आमच्या घरी आली, दारातून मला आत येताना बघितलं आणि माझ्या आईला म्हणाली, "आमच्या दाराची चौकट रुंद करून घ्यावी लागेल बाई." गंमत म्हणून म्हणाली. महिन्याभरात लग्न मोडलं. कारण दुसरंच दिलं होतं, पण मला चौकटच आठवायची. मला वाटायचं, तेव्हा कुणीतरी मला आधीच आवळलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून शुरूकच्या आईला मी म्हटलं, "बघते."

बघते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ऐंशीवर खूण करून कापड कापलं.

पहिली ट्रायल रमजानच्या मध्यावर होती. दुपारची वेळ, रोजा, सगळ्यांचे ओठ सुकलेले. शुरूकनं पोशाख चढवला. मी पाठीशी उभी राहून बटनं लावत खाली आले, आणि कंबरेजवळची शेवटची सहा लागेनात. मला माहीत होतं की लागणार नाहीत. तरी मी दोनदा ओढून बघितलं. तिला ते ओढणं जाणवावं म्हणून ओढलं, हे आता कबूल करते.

"अब्ला," ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "मी सुटले का गं?"

"लग्न ठरलं की मुली सुटतातच."

"पण मी तर रोजे ठेवतेय."

"रोज्यात दिवसभर उपास आणि संध्याकाळी गोड. सगळ्यांचंच होतं."

"मागच्या वेळी किती होतं माझं?"

मी वही उघडलीसुद्धा नाही. "ऐंशी," म्हटलं.

"आणि आता?"

तिच्या कंबरेला टेप लावली. चौऱ्याऐंशीच भरली. जितकी होती तितकीच. "चार वाढलेत," मी म्हटलं.

पोशाख काढून कपडे घालताना पडदा नीट लागलाय का, हे तिनं दोनदा तपासलं. पहिल्या दिवशी तिनं पडदा ओढलाच नव्हता.

पडद्यापलीकडे मदाम मेर्वत बसली होती. जाताना तिनं माझा हात दाबला.

ईदनंतर शुरूक दुसऱ्या ट्रायलला आली ती रिकाम्या हातानं. मी गमतीनं विचारलं, "रताळी कुठंयत?" ती म्हणाली, "सोडली. ईदचे गोड कहकसुद्धा खाल्ले नाहीत यंदा. आजीनं माझ्यासाठी वेगळा डबा भरला होता, खजुराचे. मी तो शेजारी देऊन आले. आजी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी." हे सांगताना तिला अभिमान वाटत होता. चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत चमक होती.

पोशाख बसला. सगळी बटनं लागली. ती गिरकी घेऊन बघायला लागली आणि मला इतकं हलकं वाटलं की मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, संपलं एकदाचं. पोरगी खूश, आई खूश, कुणाचं काही बिघडलं नाही.

दोन दिवसांनी मदाम मेर्वत शुरूकशिवाय आली. बरोबर तिची नणंद होती, तिच्या दोन मुलींचे पोशाख माझ्याकडेच द्यायचे म्हणून. नणंद कापडं बघत असताना मदाम मला बाजूला घेऊन म्हणाली, "बघितलंस ना? जमतंय. अजून दोन बोटं घे."

"मदाम, आता पुरे. छान दिसतेय ती."

"छान दिसतेय ना? मग अजून छान दिसेल. तुझ्या हातात जादू आहे, रबाब. मी सहा महिन्यांत जे करू शकले नाही ते तू सहा आठवड्यांत केलंस."

पहिल्या वेळेसाठी माझ्याकडे चौकटीची गोष्ट होती. दुसऱ्या वेळेसाठी काहीच नव्हतं. मला कौतुक आवडलं, एवढंच. माझ्या एका टाक्यानं एक अख्खी मुलगी बदलते, हे मला आवडलं. मी शिवण उसवली, शहात्तरवर नवी घातली, आणि आतलं जास्तीचं कापड जाड दिसतं म्हणून कात्रीनं कापून टाकलं.

तिसऱ्या ट्रायलला शुरूक आली तेव्हा तिचे गाल बसले होते. हाताला हात लावला तर थंड. एप्रिल संपत आला होता, बाहेर ऊन होतं आणि हिनं स्वेटर घातला होता. तरी ती मला हसवायला बघत होती.

"काल वर्गात मी खाली बसले होते. आमची ती छोटी जाना माझ्या मांडीवर येऊन बसली आणि लगेच उठली. म्हणते, 'मिस, आधी मऊ होतं, आता टोचतं.' बघ अब्ला, चार वर्षांच्या पोरीला पण कळलं."

मी पोशाख चढवला. बटनं लागेनात.

आरशात तिचा चेहरा मी बघितला. रागावली नव्हती ती. गोंधळली होती, एखाद्या हिशेबात दरवेळी वेगळं उत्तर यावं तशी.

"हे कसं होईल? माझं वजन सात किलोनं उतरलंय. मी रोज सकाळी काट्यावर उभी राहते. काटा म्हणतो उतरलं, पोशाख म्हणतो वाढलं. मी कुणाचं ऐकू?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. तिनं प्रश्नच असा विचारला होता की खरं उत्तर देणं सगळ्यात सोपं होतं. मी तिच्या पाठीशी होते, तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या काढल्या आणि म्हटलं, "घरातले काटे बिघडतात गं. पोशाख कधी खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात कुणाहीपुढे परत उच्चारलेलं नाही. इथेच पहिल्यांदा लिहितेय.

मे महिन्यात पोशाख जवळजवळ तयार झाला. पाठीच्या बटनांच्या दोऱ्याच्या कड्या आई करते. तिला दिसत नाही, पण बोटांना सगळं कळतं. मी पोशाख तिच्या मांडीवर ठेवला आणि मशिनीवर बसले. थोड्या वेळानं तिचं काम थांबलेलं जाणवलं. ती वीत टाकून कंबर मोजत होती.

"हा कुणाचा?"

"शुरूकचा."

"ती मोठ्यानं हसणारी? रताळी आणायची ती?" तिनं परत वीत टाकली. "ती ह्यात मावेल?"

"बारीक झालीय."

"झालीय, का केलीस?"

मी मशीन चालू ठेवली. आईनं पोशाख उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवत गेली, एक बाजू, मग दुसरी.

"शिवणीतली माया कुठे गेली, रबाब? दोन्ही बाजूंची कापून टाकलीस. म्हणजे उद्या सोडायचा म्हटला तरी सुटणार नाही. तुला सोडायचाच नव्हता."

मी मशीन थांबवली आणि तिला सांगितलं. मदाम मेर्वत, दोन बोटं, मग आणखी दोन बोटं. चौकटीची गोष्टही सांगितली. मला वाटलं, ती तरी समजेल; त्या दिवशी तीही दारात उभी होती.

आई म्हणाली, "बाईच्या अंगावर कापड बेतायचं असतं. कापडावर बाई बेतायला तुला कुणी शिकवलं? मी तर नाही." मग पोशाख परत सुलटा करत, "ती बया चौकटीबद्दल बोलली, तेव्हा मी हसले होते. तुझ्यासमोर हसले होते. ते माझ्याकडून चुकलं. पण म्हणून तू हे करशील?"

मी म्हटलं, "उद्या सांगते शुरूकला."

दुसऱ्या दिवशी नणंदेच्या मुली मापाला आल्या. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आधी बाजूंना नवं कापड जोडून पोशाख सैल करावा, मग तिला बोलवावं, म्हणजे सांगायचीच गरज पडणार नाही. मन्शियाच्या बाजारात त्याच रंगाचं साटीन शोधलं. मिळालं नाही. चौथ्या दिवशी शुक्रवार. असे चार दिवस मी काढले. आई रोज संध्याकाळी विचारायची, "गेलीस?" आणि मी काहीतरी सांगायची.

पाचव्या दिवशी मदाम मेर्वतचा फोन आला. "काम थांबव," एवढंच म्हणाली.

शुरूक बालवाडीच्या जिन्यावरून पडली होती. सकाळी मुलांना वरच्या वर्गात नेऊन ती परत खाली येत होती, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. अकरा पायऱ्या. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, कपाळाला टाके पडले. दोन मिनिटांपूर्वी तिच्या कडेवर एक मूल होतं. मी अजूनही कधी जिना उतरताना त्या मुलाचा विचार करते. ते पडलं नव्हतं, तरी.

डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही. तीन आठवडे ती काकडी आणि दह्यावर होती, तेही दिवसातून एकदा.

दोन दिवसांनी ती घरी आल्याचं कळलं आणि मी क्लिओपात्रा भागातल्या त्यांच्या घरी गेले. आईला बरोबर येतेस का विचारलं, तर म्हणाली, "तुझं तोंड तू घेऊन जा."

शुरूक पलंगावर उशांना टेकून बसली होती. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत. मला बघून हसली. "अब्ला! आता ह्या बाहीचं काय करणार? साटीनवर प्लास्टर, नवी फॅशन."

मी खुर्चीच्या टोकावर बसले. वाटेत ट्राममध्ये मी वाक्यं जुळवत होते. एकही आठवलं नाही.

"शुरूक, मी तुझा पोशाख कमी शिवला होता."

"कमी म्हणजे?"

"पहिल्यापासून. तुझं माप चौऱ्याऐंशी होतं. मी ऐंशीचा शिवला. तो बसायला लागला तेव्हा शहात्तरचा केला."

तिचं हसू तसंच राहिलं, कारण तिला अजून कळलं नव्हतं. मग हळूहळू गेलं.

"म्हणजे रमजानमध्ये मी वाढले नव्हते?"

"नाही."

"तू टेप लावून सांगितलंस, चार वाढलेत."

"खोटं सांगितलं."

"आणि काटा?"

"काटा बरोबर होता."

ह्यावर ती रडेल असं मला वाटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "मी तो काटा फेकून दिला, अब्ला. तू म्हणालीस म्हणून. नवा आणला. तोही तेच सांगायला लागला. मग मी फार्मसीत जाऊन तिथल्या काट्यावर उभी राहिले. तिथेही तेच. मला वाटलं माझं डोकं फिरतंय. जगातले सगळे काटे एक बोलतायत आणि माझं अंग वेगळंच काहीतरी करतंय. मी कुणाला सांगितलं नाही. वेड लागलेल्या मुलीशी कोण लग्न करेल?"

दारात मदाम मेर्वत उभी होती. हातात सूपचा वाडगा. तिनं किती ऐकलं होतं ते मला माहीत नाही. तिच्या डोळ्यांवरून वाटलं, सगळं. ती माझ्याकडे बघून नकळत मान हलवत होती, नाही, नाही.

"माझी चूक आहे," मी शुरूकला म्हटलं. "सगळी माझी."

"ते कळलं. तुला सांगितलं कुणी, ते विचारतेय. तू काय म्हणून माझी कंबर चोरशील? तुझं काय अडलं होतं?"

मी खाली बघितलं. वाडगा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मी सांगितलं," मदाम मेर्वत म्हणाली. उभीच होती. "मी तुझ्याएवढी होते तेव्हा माझी आई माझं जेवण कपाटात कुलूप लावून ठेवायची. लग्नाच्या दिवशी मी स्टेजवर चढताना धडपडले, सगळ्यांना वाटलं लाजले. मी ठरवलं होतं, माझ्या मुलीला मी कधी कुलूप लावणार नाही. नाही लावलं मी. वाटलं, शिवणीत थोडंसं... कुणाला दिसणार नाही असं..."

शुरूक आईकडे बघत होती. मी तिला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

"आई, सूप ठेव आणि बाहेर जा. मी पिते. तू बघत असताना नाही पिणार." मग माझ्याकडे वळली. "अब्ला, तूही."

मी दारापर्यंत गेले.

"थांब. मी पहिलीच का?"

खोटं तोंडाशी आलं होतं. सवय झाली होती. "नाही," मी म्हटलं. "तुझ्या आधी एक होती. रगदा नावाची. चार वर्षं झाली."

"मग इथे काय करतेस? तिलाही सांगून ये."

तिचं लग्न पुढे गेलं, सप्टेंबरात झालं. मला बोलावणं नव्हतं, आणि नसावंच. तिनं पोशाख मामूरा भागातल्या दुसऱ्या एका बाईकडून शिवून घेतला. माप घेताना टेप स्वतःच्या हातात धरली आणि आकडा स्वतःच लिहून दिला, असं मला त्या बाईनंच सांगितलं; आमच्या धंद्यात सगळ्या सगळ्यांना ओळखतात. मदाम मेर्वत त्यानंतर एकदा येऊन बसून गेली. "बोलते ती माझ्याशी," म्हणाली. "फोन करते, ये म्हणते. पण माझ्यासमोर घास तोंडात घालत नाही. मी उठून बाल्कनीत जाते, मग जेवते." मी तिला चहा दिला. दोघींनाही एकमेकींकडे बघवत नव्हतं.

पण त्याच्या आधी, शुरूकच्या घरून निघाले त्याच आठवड्यात, मी मायक्रोबसनं दमनहूरला गेले. रगदा लग्नानंतर तिथे राहते. तिच्या वेळी सांगणारी तिची मावशी होती, आणि गोष्ट एकाच ट्रायलमध्ये मिटली होती. पोशाख बसला, लग्न झालं, मी विसरूनही गेले होते.

दार तिनंच उघडलं. मला ओळखायला तिला एक क्षण लागला, मला मात्र तिला ओळखायला त्याहून जास्त वेळ लागला. मी ज्या मुलीला पोशाख शिवला होता तिच्या निम्मी बाई समोर उभी होती. मला बघून तिला एवढा आनंद झाला की तिनं शेजारणीला हाक मारली, "अगं, माझा लग्नाचा पोशाख शिवला ती ही!" टेबलावर फतीरचे, त्या पापुद्र्यांच्या रोटीचे, तुकडे आले, मध आला, चीज आलं. मला आग्रह करून करून वाढलं. स्वतः ती पूर्ण वेळ ग्लासातला बिनसाखरेचा चहा हातात धरून बसली होती.

शेजारीण गेल्यावर मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती उठली. "तुला एक दाखवते." कपाटातून तिनं तो पोशाख काढला. निळ्या पिशवीत जपून ठेवलेला. "दर वर्षी लग्नाच्या तारखेला घालून बघते. अजून बसतो. खरं म्हणजे थोडा सैलच होतो आता. तू तेव्हा बटनं ओढत होतीस आणि लागत नव्हती, आठवतं? त्या दिवशी मी ठरवलं, परत असं कधी होऊ द्यायचं नाही."

मी तिला सांगितलं. हातात तिचा पोशाख होता आणि मी सगळं सांगितलं.

तिनं पोशाख माझ्याकडून घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली. मग पलंगावर बसली.

"आता सांगून काय करू मी?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला भूक कळतच नाही गं आता. मुलीला भूक लागली की तिच्या रडण्यावरून कळतं. माझी कशावरून ओळखायची?"

मी माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली, पाहुण्याच्या हातून ग्लास फुटल्यावर म्हणतात तसं. निघताना उरलेलं फतीर तिनं मला बांधून दिलं.

नंतर महिनाभरानं तिचा फोन आला. मागे मुलीचा आवाज येत होता.

"अब्ला, एक विचारायचं होतं. तू आधी माप घेतलंस ना, शिवायच्या आधी. खरं. ते किती होतं?"

"बघून सांगते," मी म्हटलं.

"मला आठवतच नाही मी कशी होते. फोटोत नीट कळत नाही. तो आकडा असला तर बरं होईल. डॉक्टरीण पण विचारत होती."

म्हणजे ती डॉक्टरकडे जात होती. मला बरं वाटलं. पण त्या वर्षीची वही माझ्याकडे नव्हती. भरलेल्या वह्या मी दर दोन वर्षांनी रद्दीत घालते. तिचीही घातली होती. मला तो दिवससुद्धा आठवत होता.

"सापडली की लगेच कळवते," मी तिला म्हटलं. "कुठेतरी असेलच."

"बघ हं," रगदा म्हणाली. "घाई नाही."